एकोणीस इंची मुखवटा

बदलापूर,
रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

प्रिय श्यामकांत,

मशीन वाचलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण तू कुठलाही कागद शेवटाकडून वाचायला लागतोस हे मला ठाऊक आहे. या वेळी कृपा करून तसं करू नकोस. वरून खाली वाच आणि मधलं काही गाळू नकोस. 'वाचलं' हा शब्दही मी विचार करून लिहिला आहे. 'काही झालं नाही' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. बरंच काही झालं, कोंडाजीअण्णांचा पांढरा सदरा तीनदा धुऊनही गुलाबी राहिला आहे, पण मशीन वाचलं.

तू गेल्यावर हशूसेठनी काय अट घातली ते तुला कुणी कळवलं की नाही याची मला खात्री नाही, म्हणून सांगते. तू बंगलोरला गेलास त्याच आठवड्यात त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्यासमोर दालपकवानची ताटली सरकवली. बातमी वाईट आहे हे मला तेव्हाच कळलं. म्हणाले, देख बेटी, तेरा इंजिनियर तो गया. कॅम्प नंबर तीनच्या या गाळ्यात माझ्या बापाने मिक्सर बनवले, मैंने मिक्सर बनाये, मिक्सरने आजवर कुणाची झोप उडवली नाही. तेरे सर्व्हरने मेरी उडाई है. बदलापूरच्या पतसंस्थेने सगळ्या शाखांची ऑर्डर दिली तर खातं चालू ठेवतो, नाहीतर दिवाळीपासून फिरसे मिक्सर. म्हणजे तू आणि मी दोन वर्षं खपून उभं केलेलं सर्व्हरचं खातं बंद, आणि मी मिक्सरच्या भांड्यांना झाकणं घट्ट बसतात का ते बघायचं. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. झाकण सैल असलं तर चटणी छताला लागते, हे मी पाहिलेलं आहे. आणि 'तेरा इंजिनियर' असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. तोंडात पकवान होतं.

सगळ्या शाखांची ऑर्डर कोंडाजीअण्णा तेव्हाच देणार होते, जेव्हा आपलं मशीन त्यांच्याकडे दसऱ्याच्या पूजेतून जिवंत बाहेर येईल. अण्णा तुला आठवतात ना? सोनिवलीची जमीन इमारतींना गेल्यावर पतसंस्थेचे चेअरमन झालेले, आणि प्रत्येक वाक्य 'मला त्यातलं कळत नाही, पण' असं सुरू करणारे. गेल्या दसऱ्याला त्यांच्याकडे ते भारी परदेशी मशीन होतं. त्याची त्यांनी यथासांग पूजा केली, तीही मशीन चालू ठेवून, कारण झोपलेल्या देवाला कुणी हार घालत नाही असं त्यांचं म्हणणं. सर्व्हरचे पंखे समोरून हवा ओढतात. त्या पंख्यांनी हळद ओढली, कुंकू ओढलं, अक्षता ओढल्या, उदबत्तीची राख ओढली, आणि नारळाचं पाणी तर अण्णांनी स्वतः फटीतून आत सोडलं, आजाऱ्याच्या तोंडात तीर्थ घालावं तसं. संध्याकाळी मशीन गेलं. त्या कंपनीच्या प्रत्येक भागाचं माप तिचं स्वतःचं, स्क्रूचं डोकंसुद्धा तिच्याच पान्याला दाद देणारं. बदलायचा भाग आला तो महाशिवरात्रीला. तोवर कॅशियर सुंदराबाई सगळी खाती हाताने लिहीत होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मनगट दाखवत होत्या. अण्णांनी तेव्हा जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, पण पूजा केली म्हणून मशीन मेलं, तर चूक देवाची धरायची का मशीनची?

आणि त्याच गोष्टीवरून आपलं भांडण झालं. ते मी पुन्हा काढत नाही, फक्त नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. सर्व्हर ज्या लोखंडी घोडीत बसवतात तिचं माप जगभर ठरलेलं आहे. समोरची पट्टी एकोणीस इंच, उंचीचे टप्पे ठरलेले, भोकांमधली अंतरं ठरलेली. कुणाचंही मशीन कुणाच्याही घोडीत बसावं म्हणून सगळ्यांनी मिळून हे मान्य केलेलं. तू म्हणालास, आपण उल्हासनगरात आहोत, इथे सगळ्यांच्या मापाचं काही केलं की समोरचा गाळेवाला आठ दिवसांत तेच करतो. मग आपलं असं काय राहिलं? आपण साडेअठरा इंचांची घोडी करू, डिस्कच्या खणाला आपलीच खाच ठेवू, गिऱ्हाईक एकदा आत आलं की बाहेर जायलाच नको. हशूसेठना हे इतकं आवडलं की त्यांनी तुझ्यासाठी लस्सी मागवली. तपासणी माझ्याकडे होती, आणि मी तपासणीच्या चिठ्ठीवर सही केली नाही. तेव्हा तू म्हणालास, कुंदा, तू बापाची लेक आहेस, तुला माप दिसतं, माणूस दिसत नाही. मग तू बंगलोरची नोकरी धरलीस. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे आणि अधूनमधून काढून बघते. निम्मं खरं आहे असा निष्कर्ष मी काढला आहे. कुठलं निम्मं ते दिवसागणिक बदलतं.

पण मी तशी कशी झाले यात माझा एकटीचा दोष नाही. आमच्या लहानपणी शाळा रुळांच्या पलीकडे होती आणि आई मला एकटीला पाठवायला धजत नव्हती, म्हणून माझी पहिली शाळा घरीच भरली. अक्षरं आईने शिकवली आणि बाकी जग बाबांनी. ते अंबरनाथला फॅक्टरीत गेज तपासायचे. गेज म्हणजे दोन टोकांचा एक लोखंडी दांडा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही गोष्टी झाल्या तर भोक बरोबर. बाबांच्या मते दुनियेतल्या बहुतेक प्रश्नांना एवढी परीक्षा पुरते. दिवाळीत ते लाडवांसाठी पुठ्ठ्याचं गेज कापायचे, आणि जो लाडू दोन्ही भोकांतून जायचा, म्हणजे लहान म्हणून नापास व्हायचा, तो मला आणि भावाला खायला मिळायचा. आई रागाने मुद्दाम लहान लाडू वळायची असा मला संशय आहे. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी फूटपट्टी दाखवून विचारलं, ही किती लांब? मी विचारलं, कुठल्या तापमानाला? बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. अशा मुलीने साडेअठरावर सही कशी करावी?

पण तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपलं असं काय? मे महिना गेला, जून गेला. मी गॅस बंद आहे का ते तीनदा बघायची, ते पाचदा बघायला लागले. बाबा म्हणाले, पोरीला काहीतरी खातंय. आई म्हणाली, काहीतरी नाही, कुणीतरी. मी दोघांनाही सांगितलं की नारळाचं पाणी खातंय, आणि ते खरंच होतं. मग गणपती आले. आमच्याकडची मूर्ती शाडूची. गुरुजींनी नेहमीसारखी ताम्हनात सुपारी ठेवली आणि पंचामृत, पाणी, सगळं त्या सुपारीवर घातलं. मूर्तीला फक्त फुलाने पाणी शिंपडलं. इतकी वर्षं मी ते बघते आहे. मातीची मूर्ती विरघळू नये म्हणून देवाने स्वतःच्या जागी एक सुपारी बसवून घेतली, आणि कुणाचीही भक्ती उणी पडली नाही. मी आरती अर्धी सोडून उठले. आई अजून त्याबद्दल बोलते.

दुसऱ्या दिवसापासून मी मुखवटा करायला घेतला. सर्व्हरच्या तोंडावर बसणारं, काढता-घालता येणारं पत्र्याचं दुसरं तोंड. हवा समोरून सरळ आत जात नाही, खालून वर वळसा घेऊन जाते, त्यामुळे कुंकू आणि राख वळणावरच खाली पडतात. वळणाच्या पुढे जाळी, जाळीच्या मागे सोफ्याच्या स्पंजाचा पातळ तुकडा. फर्निचर बाजारात कापून उरलेला मिळाला. तो ओढून काढून नळाखाली धुता येतो, त्याला इंजिनियर लागत नाही, सुंदराबाई पुरतात. खालच्या काठाला पन्हळ, म्हणजे नारळाचं पाणी बाजूच्या वाटीत उतरेल. आणि मधोमध छोटी फळी, सुपारी आणि फूल ठेवायला. रुंदी एकोणीस इंच. उंची ठरलेल्या टप्प्यात. भोकं ठरलेल्या जागी. आत सगळं बाजारात मिळणारं. कुणाचंही मशीन असो, त्याला हा मुखवटा बसतो, आणि आपल्या मशीनला कुणाचाही भाग बसतो.

बाबांनी त्यासाठी कानशीने घासून खास गेज बनवलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. जाळीची परीक्षा त्यांनी घरातल्या तांदळांवर घेतली. रेशनचा अडकला, कोलम अडकला, कणी मात्र आरपार गेली. अण्णा अक्षतांना कणी वापरतील का, यावर आई आणि बाबांची एक अख्खी संध्याकाळ गेली. आईचं म्हणणं, चेअरमन माणूस कणी वापरणार नाही. बाबांचं म्हणणं, माणूस काय वापरील यावर जाळी ठरवायची नसते. शेवटी जाळी बारीक केली. हशूसेठनी नमुना उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, इसमें अपना क्या है, माप तो सबका है? मी म्हटलं, सेठ, पन्हळ आपली आहे. ते म्हणाले, बेटी, हम सिंधियों के भगवान झूलेलाल पानीपे बैठते हैं, और तेरा मशीन पानीसे डरता है. तरी त्यांनी पत्रा दिला. चांगला जाड दिला, हेही इथे लिहायला हवं.

मध्येच एक गोष्ट विसरायच्या आत सांगते. गेल्या गुरुवारी तुझ्या आई आमच्याकडे आल्या होत्या. चकल्यांचा सोऱ्या मागायला आले म्हणाल्या. अंबरनाथहून बदलापूरला सोऱ्यासाठी कुणी येतं का याचा मी विचार करत होते. त्यांनी आमचं घर पाहिलं, माझी सनमायका लावलेली टेबलाची फळी पाहिली, मला विचारलं की रोज उल्हासनगरला जायला किती वेळ लागतो, आणि सोऱ्या न घेताच गेल्या. आईने तो कागदात गुंडाळून दाराशी ठेवला होता. अजून तिथेच आहे. याबद्दल पुढे.

तुझं भाकीत खरं ठरलं, तेही सांगायला हवं. पाण्याच्या चाचणीनंतर आपण नमुना गाळ्याबाहेर उन्हात वाळत ठेवला होता, आणि समोरच्या गाळ्याने आठ दिवस नाही, पाचच घेतले. हुबेहूब. पन्हळीची वाकसुद्धा तीच. फक्त एक गंमत झाली. आपल्या नमुन्यावर चाचणीच्या वेळचं कुंकू लागलं होतं, बरोबर मध्ये, जाळीच्या वर. त्यांना वाटलं डिझाइन आहे. त्यांनी प्रत्येक मुखवट्यावर त्याच जागी लाल ऑइलपेंटचा ठिपका मारला. हशूसेठ आधी त्यांच्यावर धावून जाणार होते. ठिपका बघितल्यावर ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या सगळ्या हयातीत उल्हासनगरने दुनियेची नक्कल केली, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांची केली होती. त्यांनी समोर जाऊन स्वतःच्या पैशाने एक विकत घेतला आणि केबिनमध्ये टांगला. हा ठिपक्याचा मुखवटा लक्षात ठेव.

आता दसरा. मशीन आम्ही आदल्या दिवशी गोधडीत गुंडाळून रिक्षाने बदलापूरला नेलं आणि पतसंस्थेतल्या घोडीत बसवलं. हशूसेठ सफारीत आले होते. टांगलेला मुखवटाही त्यांनी बरोबर आणला होता, अण्णांना दाखवून हसवायला. बाबा खिशात गेज घेऊन आले होते, बरोबर आईही होती. सुंदराबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि त्यांनी मनगटाला पट्टी बांधली होती, न जाणो पुन्हा हाताने लिहायची वेळ आली तर. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गुरुजींनी सुरुवात केली. हळद आली, कुंकू आलं, अक्षता आल्या. मुठीमुठीने आल्या, कारण अण्णांना गेल्या वर्षीचा हिशोब चुकता करायचा होता. पंखे जोरात ओढत होते. आणि श्यामकांत, सगळं वळणावर खाली पडलं. मी वाकून बघत होते, लाल कुंकू मुखवट्याच्या तळाशी गोळा होत होतं आणि जाळी कोरडी होती. अक्षता अख्ख्या कोलमच्या निघाल्या. बाबांनी आईकडे बघितलं नाही.

मग गुरुजींनी अण्णांच्या हातात नारळ दिला, बाहेर पायरीवर फोडून आणा म्हणून. अण्णा दोन पावलं चालले, थांबले आणि परत आले. मुखवट्याच्या खालच्या काठाकडे बघून म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, पण ही लोखंडी धार कशाला दिलीय ते कळतं. आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून त्या पन्हळीवर घातला. एका घावात दोन भकलं झाली. पाणी पन्हळीतून वाहिलं, ठरल्याप्रमाणे डाव्या बाजूला वळलं आणि ठरल्याप्रमाणे वाटीत पडलं. बाबा समाधानाने वाटीत बघत राहिले. त्यामुळे पंखे थांबलेत हे त्यांच्या लक्षात सगळ्यांच्या शेवटी आलं. मशीनवरचे सगळे दिवे गेले होते. मुखवटा मधोमध वाकला होता. गुरुजींनी मंत्र थांबवला. सुंदराबाईंनी मनगटाची पट्टी घट्ट केली. हशूसेठ फक्त एक शब्द बोलले. मिक्सर.

मी पुढे झाले. वाकडा मुखवटा काढला. आत एक थेंब नव्हता, एक कण नव्हता. डिस्क जागेवर होत्या. हादऱ्याने गेला होता तो वीज पुरवणारा डबा, बाकी सगळं ठीक होतं. खालच्या मजल्यावर आनंदा सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. मी जिना उतरून धावले. त्यांचीही पूजा चालली होती. मी म्हटलं, सर, एक पॉवर सप्लाय द्या. ते म्हणाले, ताई, आरती होऊ द्या, देवासमोरून असं उचलून कसं देऊ? मग मी आरती म्हटली. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने आणि इतक्या घाईने आरती म्हटली नव्हती, टाळ्या वाजवणाऱ्या मुली मागे पडल्या. सगळ्यांना वाटलं बाई फार भाविक आहेत. आरतीची शेवटची ओळ संपायच्या आत आनंदा सर स्क्रू काढत होते. डबा हळदीकुंकवाने माखलेला होता. पुसायला वेळ नव्हता.

तो डबा आपल्या मशीनमध्ये बसला. चारही स्क्रू चारही भोकांत गेले. बाबांनी गेज काढलंसुद्धा नाही. ताकदीने तो थोडा कमी होता, म्हणून टेप ड्राइव्हची वायर सोडून ठेवली. डब्याच्या वायरींच्या त्या दोन जुळ्या पिना बोर्डात लावताना तू शिकवलेलं मी मोठ्याने म्हणत होते, काळीच्या शेजारी काळी, काळीच्या शेजारी काळी. उलट लागल्या तर बोर्ड जळतो हे तूच मला दोनदा सांगितलं होतंस आणि एकदा दाखवलं होतंस. गुरुजींना वाटलं मंत्र आहे, त्यांनी हात जोडले. मी बटण दाबलं. डब्याचा पंखा फिरला. आता, हा पंखा मागून हवा बाहेर फेकतो, आणि काय बिघडलं ते बघायला अण्णा नेमके मागे जाऊन वाकले होते. क्लासातलं सगळं कुंकू एका फुंकरीत त्यांच्या तोंडावर आणि सदऱ्यावर गेलं. अण्णा सावकाश उभे राहिले, पापण्या झटकल्या आणि म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, पण इतकी वर्षं पूजा करतोय, देवाने उलट कुंकू लावलं ते आज पहिल्यांदा.

मशीन वीज गेल्यानंतर स्वतःचे सगळे कप्पे तपासतं, तेवढं होऊ दिलं. मग सुंदराबाईंनी स्वतःचं खातं उघडून बघितलं, शिल्लक बघितली आणि मनगटाची पट्टी सोडली. उघड्या तोंडाने मशीन कसं ठेवायचं म्हणून हशूसेठनी आणलेला समोरच्या गाळ्याचा मुखवटा चढवला. तो खट्‌कन बसला. बसणारच होता, एकोणीस इंच होता. अण्णांनी तो लाल ठिपका पाहिला, जवळ जाऊन हात लावला, निघत नाही हे बघितलं, आणि म्हणाले, हा बरा आहे, कायमचं कुंकू. मला सगळ्या शाखांना ठिपक्याचेच द्या. हशूसेठनी, ते व्यापारी असल्यामुळे, तरी एक प्रश्न विचारलाच. म्हणाले, अण्णा, हमारे मशीनमें तो किसीका भी सामान लगता है, कल आप दूसरे के पास गये तो? अण्णा म्हणाले, अहो, खालच्या क्लासात ज्याचं सामान मिळतं त्याच्याकडेच मी येणार. मला पुन्हा शिवरात्रीपर्यंत थांबायचं नाही. आता आपण रोज नव्या मुखवट्यांवर लाल ठिपका मारतो आहोत. म्हणजे आपली नक्कल करणाऱ्याची आपण नक्कल करतो आहोत. पन्हळीचा पत्रा आता दुप्पट जाड आहे आणि काठावर मी रबर बसवलं आहे, पण अण्णांना सांगितलेलं नाही. ते पुढच्या वर्षीही तिथेच फोडणार.

तेव्हा तुझा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकलं होतं, असं माझं मत झालं आहे. माझं उत्तर बरोबर होतं, पण मला प्रश्नच ऐकू आला नव्हता. एकोणीस इंचांच्या आत इतकी जागा असेल असं मला सही नाकारताना वाटलं नव्हतं. मला तेव्हा फक्त भीती वाटत होती.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझ्या आई सोऱ्या मागायला आल्या नव्हत्या. परवा त्यांचा निरोप आला की भाऊबीज झाली की तू आणि तुझे मामा पोहे खायला येणार, आणि मग मुलगी बंगलोरला जायला तयार आहे ना, असंही मामांच्या तोंडून विचारलं जाणार. आई आनंदाने पोहे निवडायला बसली आहे. बाबांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, उत्तर मुलाला देईन. कार्यक्रमाचं माप मी बदलणार नाही. तू खिडकीजवळच्या खुर्चीत बस, मामा स्वयंपाकाबद्दल विचारतील, मी पदर सावरून ट्रे आणीन, सगळं ठरल्याप्रमाणे. पण मी बंगलोरला येणार नाही. हशूसेठनी सर्व्हरचं खातं माझ्या हाती दिलं आहे, शाखा पुष्कळ आहेत, आणि इंजिनियरची खुर्ची रिकामी आहे. मुद्दाम रिकामी ठेवली आहे. जाताना तुझा चौफुली स्क्रूड्रायव्हर माझ्या खणात राहिला होता. दसऱ्याला चारही स्क्रू मी त्यानेच पिळले. त्या दिवशी ट्रेमध्ये तुझ्या बशीशेजारी मी चमचा ठेवीन, आणि चमच्याशेजारी तो स्क्रूड्रायव्हर. चमचा उचललास तर पोहे छान झालेत एवढं म्हण, माझ्या मनात राग राहणार नाही, आणि जाताना सोऱ्या घेऊन जा. दुसरं उचललंस तर काही बोलू नकोस. मामांना काही कळणार नाही. बाबांना कळेल.

तुझीच, आणि हे एकच काम बाबांना न तपासू देता बाहेर पाठवणारी,
कुंदा